पुढचे स्ट्रट आणि मागचे शॉकअप: घरी बदलावेत की गॅरेजमध्ये?

कुंभार्लीघाट

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे आणि तिचे १,०५,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. गाडी चिपळूणला असते. कामानिमित्त कुंभार्ली घाटातून कराडला वरचेवर जाणे होते, आणि मुंबई-गोवा महामार्गाचे काम रखडलेल्या वर्षांत तिने खड्डेही पुष्कळ पचवले आहेत. एवढ्या वापरानंतर सस्पेन्शनची झीज होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पुढे काय करावे याविषयी दोन ठिकाणी दोन अगदी वेगळी मते मिळाल्यामुळे येथे विचारत आहे.

लक्षणे अशी आहेत. गतिरोधकावरून उतरल्यानंतर गाडीचा पुढचा भाग एकदा खाली-वर होऊन स्थिर व्हायला हवा, तो आणखी एक-दोनदा डोलतो. ब्रेक जरा जोरात दाबला की नाक पूर्वीपेक्षा अधिक खाली जाते. पुढच्या डाव्या चाकामागे टॉर्च धरून पाहिले, तेव्हा स्ट्रटचा खालचा अर्धा भाग तेलाने ओला होऊन त्यावर धुळीचा काळा थर बसलेला दिसला. उजवा कोरडा आहे. गाडीत चार माणसे आणि सामान असले की मोठ्या खड्ड्यात मागून धप्प असा आवाज येतो. याशिवाय उखडलेल्या डांबरावरून सावकाश जाताना पुढून कट-कट असा बारीक आवाज येतो, तो मात्र दोन्ही बाजूंनी येतो असे वाटते.

एका गॅरेजमध्ये सांगितले की चारही शॉकअप एकदमच बदलून टाका, काम सगळीकडे सारखेच असते. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की मागचे कोणीही बदलेल, पण पुढच्यांना घरी हात लावू नका. मी ब्रेक पॅड, ऑइल, फिल्टर ही कामे स्वतः करतो. माझ्याकडे चांगला जॅक, दोन जॅक स्टँड, बॉक्स पान्यांचा संच आणि टॉर्क पाना आहे. स्ट्रट आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांत नेमका फरक काय, आणि त्या फरकामुळे घरी करण्याजोगे काम कुठे संपते, हे जाणकारांनी समजावून सांगावे ही विनंती.

सतराएकोणीस

माझे कोल्हापुरात बरीच वर्षे गॅरेज होते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तुम्हाला मिळालेल्या दोन मतांपैकी दुसरे सत्याच्या अधिक जवळ आहे, पण तेही अर्धेच आहे. पुढच्या कामातला फक्त एक टप्पा घरी करू नये असा आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे काम तुमच्यासारख्या हौशी आणि सावध माणसाला जमण्यासारखे आहे.

आधी रचना पाहू. स्ट्रटच्या नळीत आणि शॉकअपच्या नळीत आत चालणारे काम एकच आहे. तेलाने भरलेल्या नळीत पिस्टन खाली-वर होतो, तेलाला बारीक छिद्रांतून आणि झडपांतून वाट काढावी लागते, आणि स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. गाडीचे वजन पेलणे हे स्प्रिंगचे काम, आणि ती स्प्रिंग नाचत राहू नये याची काळजी घेणे हे शॉकअपचे काम. मागच्या चाकांजवळ पाहा. तुमच्या गाडीला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई) आहे, स्प्रिंग वेगळी उभी आहे आणि शॉकअप तिच्या शेजारी वेगळा लावलेला आहे. तो शॉकअप काढला तरी गाडी होती तशीच उभी राहते, कारण चाक जागेवर धरण्याची जबाबदारी त्याच्यावर नसतेच.

पुढे असे नाही. चाकाच्या नकलला (ज्या भक्कम भागावर चाक बसते त्याला) खालून लोअर आर्म, म्हणजे बॉडीला जोडलेला खालचा दांडा, धरतो, पण वर दुसरा आर्म नसतो. त्याची जागा स्ट्रटनेच घेतलेली असते. नकल स्ट्रटच्या पायाला दोन जाड बोल्टांनी घट्ट जखडलेले असते, स्प्रिंगची खालची बैठक स्ट्रटच्याच नळीला जोडलेली असते, आणि स्टिअरिंग फिरवले की नळी आणि स्प्रिंग चाकाबरोबर वळतात. म्हणून स्ट्रट बॉडीला जोडणाऱ्या वरच्या माउंटमध्ये बेअरिंग असते. ब्रेक मारताना, वळणावर, खड्ड्यात चाकावर येणारा आडवा जोरही स्ट्रटच्या रॉडलाच सोसावा लागतो. नवा स्ट्रट आणि नवा शॉकअप शेजारी ठेवून पाहिलेत तर स्ट्रटचा रॉड जवळजवळ दीडपट जाड दिसेल, त्याचे कारण हेच. स्ट्रट काढला की चाक बाहेरच्या बाजूला कलते, कारण त्याला वरून धरणारे काहीच उरत नाही.

ही मांडणी अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची. १९५० च्या सुमारास ब्रिटनमधील फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांतून ती मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली. आडवे इंजिन आणि पुढची चाके ओढणारी लहान गाडी बनवायची तर वरचा आर्म नसण्याने जी जागा मोकळी होते ती फार मोलाची असते. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८००च्या पुढेही हेच स्ट्रट होते आणि मागे पाटे होते. ज्यांनी पाट्यांच्या गाड्यांवर हात काळे केले आहेत, त्यांना शॉकअप बदलणे म्हणजे वरचा एक आणि खालचा एक नट एवढेच काम वाटते, आणि पुष्कळदा 'काम सगळीकडे सारखेच' हा समज तिथूनच आलेला असतो.

आता तुमच्या लक्षणांकडे वळू. डावा स्ट्रट गेला आहे, यात शंका नाही. नळीच्या वरच्या टोकाशी तेलाचा पुसटसा ओलावा असणे चालते. पण खालपर्यंत ओघळ येऊन त्यावर धूळ थापली गेली असेल तर सील निकामी झाले आहे. उजवा कोरडा असला तरी दोन्ही एकदमच बदला. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा लाखभर किलोमीटर चाललेला, अशी जोडी घाटात जोराने ब्रेक लावताना गाडीला सरळ राहू देत नाही. डाव्या टायरवर तळहात फिरवून पाहा. ठरावीक अंतरावर उंचवटे आणि खळगे लागले तर चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उसळत होते असे समजा.

कट-कट आवाजाचे खापर मात्र लगेच स्ट्रटवर फोडू नका. सावकाश जाताना बारीक खडबडीत रस्त्यावर दोन्हीकडून येणारा आवाज बहुतेक वेळा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंकचा, म्हणजे तो दांडा स्ट्रटला जोडणाऱ्या काडीचा, असतो. गाडी जमिनीवर उभी ठेवून कोणाला तरी ती बाजूने हलवायला सांगा आणि तुम्ही लिंकच्या वरच्या सांध्यावर बोटे टेकवा. सांधा सैल असेल तर ठोका बोटांना स्पष्ट जाणवतो. त्यानंतर वरचे बेअरिंग तपासा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बोट न घालता बाहेरून तळहात टेकवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग सावकाश फिरवू द्या. स्प्रिंग चाकाबरोबर सहज वळली तर ठीक. ती आधी पीळ खाऊन मग टण्णकन उडी मारत असेल तर बेअरिंग जाम आहे.

मागचे शॉकअप घरी बदलायला हरकत नाही. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी बॉडीखालच्या ठरलेल्या जागी स्टँडवर ठेवा आणि दुसरा जॅक बीमच्या खाली त्या बाजूला टेकवून ठेवा. हा दुसरा जॅक विसरू नका. बीमला खाली जाताना अडवणारा शॉकअपच असतो. तो सोडला की बीम आणखी खाली उतरतो, स्प्रिंग बैठकीतून निसटते आणि ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) ताण येतो. एका वेळी एकच बाजू सोडा. वरचा नट काही गाड्यांत डिकीच्या अस्तरामागे असतो, काहींत चाकाच्या कमानीत, तेव्हा पाना उचलण्यापूर्वी तो शोधून ठेवा. रॉड फिरू लागला तर त्याला पकडीने धरण्याचा मोह टाळा. चकचकीत रॉडवर ओरखडा पडला की तो प्रत्येक हालचालीत सील कापत राहतो आणि नवा शॉकअपही थोड्याच दिवसांत गळू लागतो.

पुढच्या बाजूला स्ट्रट गाडीतून बाहेर काढण्यापर्यंतचे काम असे असते. चाक काढा; ब्रेकचा होज आणि असल्यास एबीएसची वायर स्ट्रटच्या ब्रॅकेटमधून मोकळी करा; लिंकचा नट सोडा. नकलचे दोन बोल्ट सोडण्यापूर्वी त्यांची आणि नकलची मूळ जागा टोकदार खुणेने रेखून घ्या. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलते, म्हणून ते आधीच तारेने बांधून ठेवा; नाहीतर होज ओढला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निखळू शकतो.

त्यानंतर बॉनेट उघडून वरचा नट, आणि येथे विशेष जपा. काही गाड्यांत माउंट बॉडीला कडेच्या दोन किंवा तीन नटांनी लावलेले असते, आणि मधला मोठा नट स्प्रिंग दाबून धरणारा असतो. त्या मधल्या नटाला गाडीवर असताना पाना लावायचाच नाही. काही गाड्यांत मात्र बॉडीला धरणारा नटच मध्यभागी असतो, त्याच्याखाली थाळीसारखी पट्टी असते आणि स्प्रिंगचा नट त्याच्याही खाली दडलेला असतो. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील चित्र पाहून कोणता नट कशाचा आहे हे ठरवल्याखेरीज काम सुरू करू नका.

एवढे झाले की स्प्रिंगसकट संपूर्ण स्ट्रट तुमच्या हातात येतो. माझ्या मते घरचे काम इथे थांबवावे. दोन्ही स्ट्रट दुचाकीवर किंवा रिक्षात ठेवून ज्या गॅरेजमध्ये स्प्रिंग दाबण्याचे भिंतीवरचे किंवा उभे यंत्र आहे तिथे न्यावेत, स्प्रिंग नव्या स्ट्रटवर चढवून घ्यावी आणि घरी येऊन पुन्हा बसवावेत.

दाबमापक

सतराएकोणीस यांनी सीमारेषा अचूक ठिकाणी आखली आहे. मी शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात काम करतो, त्यामुळे ती रेषा तिथेच का, हे आकड्यांत मांडावेसे वाटते.

लहान हॅचबॅकच्या पुढच्या स्प्रिंगचा ताठरपणा साधारण २० न्यूटन प्रति मिलिमीटर धरू. म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला सुमारे दोन किलो भार लागतो. स्ट्रट गाडीतून काढला तरी स्प्रिंग पूर्ण मोकळी झालेली नसते. रॉडच्या टोकाचा नट तिला दाबून धरतो. तो नट सुरक्षितपणे काढता यावा म्हणून आपण स्प्रिंग आणखी दाबतो. एकूण दाब १२० मिलिमीटर झाला असे समजा. त्या क्षणी स्प्रिंग २,४०० न्यूटन, म्हणजे सुमारे २४५ किलो जोराने उसळू पाहत असते आणि तिच्यात १४४ जूल ऊर्जा साठलेली असते. पंधरा किलोची वस्तू एक मीटर उंचीवरून पायावर पडावी, तेवढी ही ऊर्जा आहे. ती दोन किलो वजनाच्या भागाला मिळाली तर तो भाग ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो, आणि नट सोडणाऱ्याचा चेहरा त्याच रेषेत असतो.

बाजारात दोन लांब आट्यांचे आणि आकड्यांचे स्प्रिंग कॉम्प्रेसर स्वस्तात मिळतात. ते वापरूच नयेत असे मी म्हणणार नाही, कारण जगभर लोक ते वापरतात. पण त्यांची भिस्त पूर्णपणे वापरणाऱ्याच्या शिस्तीवर असते. दोन्ही आकडे बरोबर समोरासमोर हवेत, दोन्ही बाजू आलटून-पालटून थोड्या-थोड्याच आवळायला हव्यात, आट्यांना ग्रीस हवे, आकड्याला सुरक्षा पिन हवी आणि इम्पॅक्ट गन अजिबात नको. स्विफ्टसारख्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगला वेटोळी थोडी असतात, त्यामुळे आकड्यांना पकड मिळायला जागाही कमीच राहते. एक बाजू घसरली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि दुसरा आकडा एकटा सगळा भार घेतो. भिंतीवरच्या यंत्राचे जबडे स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी धरतात आणि तिला वाकू देत नाहीत. अर्ध्या तासाच्या मजुरीसाठी हा धोका पत्करण्याचे मला काही कारण दिसत नाही.

गॅरेजमध्ये स्प्रिंग चढवून घेताना तुम्ही जवळ उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात. स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतल्या खोबणीच्या पायरीला टेकले पाहिजे. ते दुसरीकडे राहिले तर पहिल्याच वळणावर स्प्रिंग सरकते आणि ठण्ण असा आवाज येतो. आणि वरचा नट आवळताना रॉड आतून षटकोनी किल्लीने धरलेला असावा. इम्पॅक्ट गनने रॉड गरागरा फिरवला की आतल्या पिस्टनचा नट आणि सील यांवर विनाकारण मार बसतो.

नवा स्ट्रट बसवण्याआधी तो उभा धरून रॉड पूर्ण खाली-वर करून घ्या, हालचाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी जड लागेपर्यंत. आपल्याकडे मिळणारे बहुतेक स्ट्रट दुहेरी नळीचे असतात. दुकानात आडवे पडून राहिल्याने आतल्या नळीत वायूचा बुडबुडा शिरलेला असतो, आणि तो बाहेर काढल्याशिवाय मधेच पोकळ जागा लागल्यासारखे होते. रबरी बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबले की शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा), धुळीची टोपी, माउंट आणि बेअरिंग हे सगळे या वेळीच नवे घाला. हे भाग स्ट्रटच्या मानाने स्वस्त असतात, आणि नंतर बदलायचे म्हटले तर हेच सगळे काम पुन्हा करावे लागते. तुम्हाला मागे येणारा धप्प आवाज बंप स्टॉप चुरा होऊन गळून पडल्याचाही असू शकतो, तेव्हा तिथले स्टॉप शाबूत आहेत की नाही ते नक्की पाहा.

जुन्या स्ट्रटमध्ये तेल असते आणि पुष्कळांत दाबाखालचा नायट्रोजनही असतो. भंगारात देताना ते सांगून द्या आणि गॅस कटर लावू देऊ नका.

मिशिगनकर

मी मूळचा सांगलीचा. सध्या डेट्रॉइटजवळ राहतो. दाबमापक यांचे म्हणणे इथल्या बाजारानेही मान्य केले आहे असे म्हणता येईल. अमेरिकेत स्ट्रट, नवी स्प्रिंग, माउंट आणि बेअरिंग असे सगळे कारखान्यातच जोडून एकसंध मिळते. घरी काम करणाऱ्याने जुना स्ट्रट जसाच्या तसा काढायचा आणि नवा तसाच बसवायचा. स्प्रिंग दाबण्याचा प्रश्नच येत नाही. भारतात तुमच्या गाडीसाठी असा जोडलेला संच मिळाला तर जास्त पैसे देऊनही तो घ्या, मात्र स्प्रिंग तुमच्याच गाडीच्या इंजिन प्रकाराची आहे ना हे पाहून घ्या, कारण डिझेल इंजिन जड असल्यामुळे एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंग वेगळ्या असतात.

मला अधिक सांगायचे आहे ते गंजाबद्दल. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गाडीचे सगळे नट-बोल्ट त्यात मुरतात. चिपळूणची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचाही परिणाम त्याच जातीचा होतो. स्ट्रटचे काम घरी अडते ते बहुतेक वेळा न सुटणाऱ्या नटापाशी. म्हणून काम ज्या दिवशी करायचे त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी नकलचे बोल्ट, लिंकचे नट आणि मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारत जा. बाहेर दिसणारे आटे आधी साफ केले नाहीत तर नट सुटत-सुटत मधेच जाम होतो आणि आटे मरतात.

लिंकचा नट सगळ्यात त्रास देतो. तो सोडताना आतला गोळा त्याच्याबरोबर फिरू लागतो. टोकाला किल्लीची खाच असेल तर ती धरून नट सोडायचा, पण गंजलेली खाच लवकरच गोल होते. तुम्हाला लिंक बदलायच्याच असतील तर नट सरळ हॅकसॉने कापून टाका आणि वेळ वाचवा. नकलच्या बोल्टांना डोक्याखाली दाते असतील तर ते बोल्ट फिरवायचे नसतात. नट सोडायचा, तो टोकाशी समपातळीत आणून ठेवायचा आणि पितळेच्या दट्ट्याने बोल्ट मागे ठोकायचा. स्वतःच्या पकडीने घट्ट राहणारे नट एकदा काढले की नवेच लावावेत.

कुंभार्लीघाट

सर्वांचे मनापासून आभार. लिंकचे सांधे सांगितल्याप्रमाणे तपासले, दोन्ही सैल आहेत. कट-कट आवाजाचा उलगडा झाला. डाव्या बाजूचे बेअरिंगही अडकत वळते. मागचे बंप स्टॉप पाहिले, तर उजव्या बाजूच्या स्टॉपचा जेमतेम एक तुकडा उरला आहे.

त्यामुळे मागचे दोन्ही शॉकअप आणि बंप स्टॉप मी घरी बदलणार, पुढचे दोन्ही स्ट्रट घरी काढून स्प्रिंग चढवण्यासाठी यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये नेणार आणि परत घरीच बसवणार, असे ठरवले आहे. दोन शंका उरल्या. नकलची जागा खुणेने रेखून पुन्हा तिथेच आवळली तरी अलाइनमेंट करावेच लागते का? आणि ज्यांनी नुकतेच स्ट्रट बदलले त्यांच्यापैकी एकाने सांगितले की गाडी पुढून थोडी उंच दिसू लागली. हे चुकीचे बसवल्याचे लक्षण समजायचे का?

सतराएकोणीस

अलाइनमेंट करावेच लागते. खूण अचूक असली तरी ती जुन्या स्ट्रटच्या छिद्रांच्या हिशोबाची असते, नव्याची छिद्रे केसभर इकडे-तिकडे असू शकतात. बोल्ट आणि छिद्र यांमध्ये जेवढी मोकळीक असते तेवढा नकलचा वरचा भाग आत-बाहेर होतो आणि कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलतो. कॅम्बर बदलला की टो (वरून पाहताना चाके पुढे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) सुद्धा बदलतो, कारण टाय रॉडची (स्टिअरिंगपासून नकलपर्यंतच्या दांड्याची) लांबी तीच राहते आणि ती नकलला एका बाजूने ओढून धरते. स्टिअरिंग सरळ असताना गाडी सरळ जाते एवढ्यावर समाधान मानू नका. टो थोडाही चुकला असेल तर टायरची कड काही महिन्यांत घासून जाते. खुणेचा उपयोग एवढाच की गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट नेता येते.

आवळण्याविषयी एक गोष्ट वर सांगायची राहिली होती. मागच्या शॉकअपच्या खालच्या टोकाला रबरी बुश असते. तो बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळायचा नाही. हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा किंवा बीम जॅकने नेहमीच्या उंचीपर्यंत उचला, आणि मगच टॉर्क पाना लावा. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली आल्याक्षणी बुशला कायमचा पीळ बसतो आणि रबर लवकर फाटते. पुढे लोअर आर्मचे बोल्ट सोडायची वेळ आलीच, तर त्यांनाही हाच नियम लागू आहे. टॉर्कचे आकडे मात्र तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. सांगोवांगी आकडा घेऊ नका.

दाबमापक

उंचीबद्दल मी सांगतो. गाडी पुढून किंचित उंच दिसणे हे चुकीचे बसवल्याचे लक्षण नाही, मात्र ते दोन्ही बाजूंना सारखे असले पाहिजे. दुहेरी नळीच्या नव्या स्ट्रटमध्ये तेलाला फेस येऊ नये म्हणून थोड्या दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. हा दाब रॉडला बाहेर ढकलतो. दाब ५ बार आणि रॉडचा व्यास २० मिलिमीटर धरला तर रॉडवर सुमारे १६ किलोचा रेटा येतो, आणि आपण वर धरलेल्या स्प्रिंगच्या ताठरपणाला भागले तर गाडी सुमारे ८ मिलिमीटर उचलली जाते. जुन्या, गळालेल्या स्ट्रटमधला वायू निघून गेलेला असतो, म्हणून हा फरक डोळ्यांना जाणवतो. त्यात नव्या माउंटचे न दबलेले रबर आणखी दोन-तीन मिलिमीटरची भर घालते.

बसवून झाल्यावर सपाट जागी गाडी थोडी पुढे-मागे घेऊन चाके मोकळी करा आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. डावी-उजवीकडचा फरक ५ मिलिमीटरच्या आत असेल तर काळजी नको. त्याहून जास्त असेल तर अलाइनमेंटला जाण्याआधी उंच राहिलेल्या बाजूच्या स्प्रिंगचे टोक खोबणीच्या पायरीवर चढलेले नाही ना, ते आधी पाहा.